कुशाबाच्या टाकीवरची देवीची कृपा

घाटघरचा कुशाबा चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा. भाकरी खाताना पाठ फिरवून खायचा, एवढं सांगितलं की गडी कळतो.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं दारात बोअर घेतला, तेव्हा देवीपुढं नारळ ठेवून सगळ्या वाडीदेखत बोलला, "आई, पाणी दे, वाडीला पाजीन." दोनशे फुटांवर पाणी उसळलं. कुशाबा चिखलात बसून रडला. आठवडाभरात मात्र त्याला उमजलं, की देवीनं पाणी त्याला दिलंय, वाडीला नाही. वाडीनं आपलं आपण मागावं.

शेजारच्या लंकाबाईची सून वैजयंती तेव्हा ओली बाळंतीण. मायलेकरांच्या आंघोळीला पाणी हवं आणि झरा तर आटलेला. लंकाबाई दोनदा हंडा घेऊन आली. दोन्ही वेळा कुशाबानं मोटार बिघडल्याचं सांगितलं, तेही चालू मोटारीच्या आवाजावर ओरडून.

रोज खोटं बोलायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं नारायणगावहून पेंटर आणला. सिमेंटच्या टाकीवर वरती 'देवीची कृपा' आणि खाली 'पाणी मागू नये' लिहायला सांगून स्वतः बाजाराला गेला. पेंटरनं अक्षरं काढली झोकात, पण मधे पाईप आडवा आला. 'न' पाईपाच्या अलीकडं राहिला, 'ये' पलीकडं गेला. झालं, 'पाणी मागून ये'! आणि नळ होताही टाकीच्या मागच्याच अंगाला.

वैजयंती दहावी झालेली. तिनं उंबऱ्यातूनच वाचून सासूला सांगितलं. कुशाबा परतला तर नळाला सात बायांची रांग.

"कुनाला इचारून भरताय?" कुशाबा तापला.

लंकाबाईनं टाकीकडं बोट केलं. "देवीच्या नावाखाली तुमीच लिवलंय, भाऊ, मागून ये. पुढनं कोन आलंय का?"

चहाला थांबलेला पेंटर बिचारा पुसून द्यायला उठला. तेवढ्यात रांगेतल्या गोजरबाईनं कुशाबाच्या पायावर डोकं ठेवलं आणि लई पुण्यवान माणूस म्हणाली. त्याच्या पाया आजवर कोण पडलं होतं? विरघळला. पेंटरला म्हणाला, राहू दे.

पुढं दर उन्हाळ्यात तो नळाशी खुर्ची टाकून बसू लागला. देवी देते ती वाटायलाच, हे आल्यागेल्या पावण्याला ऐकवायचा आणि बाई वाकली की हात उंचावून आशीर्वाद द्यायचा. बोट मात्र भिजवायचा नाही.

एकदा लंकाबाई भरल्या हंड्यापाशी खोळंबली होती. आशीर्वादासाठीच थांबली असं समजून कुशाबानं हात उचलला.

"त्यो हात जरा खाली घ्या, भाऊ," ती म्हणाली, "आन् हंडा उचलू लागा."