फक्त भुकेला आहे

"माणूस चांगला आहे हो, फक्त भुकेला आहे."

हे तो माझ्याबद्दल सांगायचा. माझ्यादेखत, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि नेमका मी भाव पाडत आणलेला असताना.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो तुमच्या भांडणात शिरून सगळ्यांना शांत करतो आणि तुमची पंचाईत करून ठेवतो. माझ्या वाट्याचा इथे आखातात, खैतान वस्तीत माझ्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहायचा. नाशिकचा, तेल कंपनीत इंजिनिअर. मी सांगलीहून आलो तो गोदामात खोकी उचलायला. आज मिरकाबच्या बाजारात माझं एसीच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि ते माझ्या आवाजावर उभं आहे. आवाज चढवल्याशिवाय मला इथे कुणी साधा स्क्रू रास्त भावात दिलेला नाही. त्या आवाजाला हा गृहस्थ पोटाची तक्रार ठरवायचा!

दुकानदारांना हिंदीत सांगायचा, कारकुनांना मोडक्या अरबीत. "नफर झेन, बस जुआन." माणूस भला, नुसता उपाशी. कारकून हसायचा आणि खजुरांचा डबा माझ्यापुढे सरकवायचा. तोंडात खजूर घेऊन भांडता येत नाही. करून बघा.

युरोपातला बर्फ बघायची कल्पना त्याची, स्वस्तात बघायची माझी. कोट आम्ही शुक्रवारच्या जुन्या बाजारात घेतले, तेही ऑगस्टमध्ये. त्या उन्हात कोटाला दुसरं गिऱ्हाईक कोण? मी भावाला भिडलेलो आणि हा लोकरीचा कोट, वर कानटोपी चढवून घामाने निथळत आरशापुढे उभा.

"बघ रे, मला इथूनच आल्प्स दिसायला लागले."

विकणारा पोट धरून हसला. मग ते वाक्य आलंच, पाठोपाठ चहा आला, आणि माझा भाव बुडाला.

घरी येताना मी अट घातली. "या प्रवासात ते बोलायचं नाही. बोललास तर तिथून तू एकटा पुढे, मी एकटा मागे."

"काय बोलायचं नाही?"

"माहीत आहे तुला."

"बरं बाबा. दिला शब्द."

आणि त्याने तो पाळला! सगळ्यात स्वस्त गाड्यांनी आम्ही ऑस्ट्रियातली डोंगरातली गावं पालथी घातली. किटलीत भात शिजवला, मेतकूट कालवून फलाटावर उभ्याउभ्या खाल्ला. प्रत्येक गावात तो आधी बर्फाला हात लावायचा, जणू मागच्या गावातला बर्फ नकली होता. घसरगाडीचं भाडं ऐकून मी भडकलो, तर त्याने कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणल्या. त्यांवर बसून दोन पन्नाशीचे गृहस्थ उतारावरून बोंबलत खाली आले. खाली पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी इतका हसलो की दात थंड पडले.

मी कुठे भांडायला लागलो की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. गाल फुगायचे, पण शब्द बाहेर यायचा नाही.

शेवटच्या गावात आम्ही खोली ठरवली होती त्या घराच्या मालकीणबाईंनी दारातच सांगितलं, चादरींचे पैसे वेगळे. झालं. "मग भिंतींचेही वेगळे लावा! छपराचे लावा!" मी मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं वापरलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दिवस मावळत होता. खाली जाणारी शेवटची बस आमच्या डोळ्यांदेखत वळणावर दिसेनाशी झाली. गावात दुसरी खोली नव्हती आणि बर्फ पडायला लागला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कानटोपीत हसत उभा. भुवयांवर बर्फ.

"बोल की!"

"काय?"

"ते... नेहमीचं."

"शब्द दिलाय," तो म्हणाला आणि हात बगलेत घालून आभाळाकडे बघत बसला.

शेवटी मीच दार वाजवलं. बाईंनी फट उघडली. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "गुड मॅन," मी म्हणालो. "ओन्ली... हंग्री."

मागून असा काही हसण्याचा स्फोट झाला की बाईही हसल्या. आत गरम बटाट्याचं सूप मिळालं, दोनदा. चादरींचे पैसे मात्र घेतलेच.

यंदा नोकरी संपवून तो कायमचा नाशिकला गेला. मला वाटलं, सुटलो. आता भांडायला मोकळा.

परवा मिरकाबमध्ये घाऊक माल देणाऱ्या मलबाऱ्याशी मोटरच्या भावावरून जुंपली. आवाज टिपेला पोचला, तसा त्याने आपल्या डब्यातला पराठा कागदावर काढून माझ्यापुढे ठेवला.

"खा लो, सेठ. आपका दोस्त जाने से पहले सबको बोल के गया है."

सबको! मला भूक नव्हती. पराठा गरम होता, म्हणून खाल्ला. खाऊन झाल्यावर संतापाने नाशिकला फोन लावला. सबको म्हणजे नेमकं कुणाकुणाला सांगून ठेवलंय, ते त्याच्याकडून वदवून घ्यायचंच होतं.

त्याने फोन उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "जेवलास का रे?"