फानताई उलट्या बाजूने चालली

आमच्या गल्लीत मालक उन्हात उभे राहतात आणि कारागीर त्यांना निवडतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या या कपड्यांच्या वस्तीत रोज सकाळी हेच चालतं. मालकाच्या एका हातात सॅम्पलचा शर्ट, दुसऱ्या हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नगामागचा भाव. कारागीर येतो, शर्ट उलटा करतो, टाके बघतो, नाक मुरडतो आणि पुढे जातो.

माझी मालकीण फान सुइलान. मी तिला ताई म्हणते. आठवीत शाळा सोडून मी ग्वांगशी प्रांतातून इथे आले तेव्हा मला सरळ शिलाईसुद्धा येत नव्हती. तिने शेजारी बसवून शिकवलं. पहिल्या महिन्यात मी एवढं कापड नासवलं, की दुसऱ्या कुणी लाथ मारून हाकललं असतं. ताई फक्त म्हणायची, "उसव. पुन्हा घाल." म्हणून तिला कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी ती बारा युआनचा पुठ्ठा धरून उभी होती. कॉलरचा शर्ट, काम किचकट. केस रंगवलेला एक कारागीर आला. त्याने कॉलर चोळून बघितली आणि म्हणाला, "मावशी, बारा? हा भाव कुठल्या राजाच्या काळातला?"

"तुझ्या खापरपणजोबाच्या!" मी ओरडले. "चल, फूट इथून!"

तो हसत निघून गेला. ताईने माझा कान धरला. "त्याच्यावर कशाला ओरडतेस? त्याची मेहनत आहे, भाव तोच सांगणार."

"आणि तुझं काय?"

तिने पुठ्ठा पुन्हा वर धरला. दुपारपर्यंत फक्त दोघंच मिळाले. वर्कशॉपमधल्या बारा मशिनींपैकी आठ झाकलेल्याच राहिल्या. दर हंगामाला कारागिरांचा भाव चढतो, माल घेणारे व्यापारी मात्र एक युआन वाढवत नाहीत. मधे अडकते ती ताई.

ती सतरा वर्षांची असताना हूबे प्रांतातून आली, तेव्हा सगळं उलटं होतं. फाटकाबाहेर पोरींची रांग लागायची. मुकादम एकेकीची बोटं बघायचा आणि नको असेल तिला खांद्याला धरून बाजूला सारायचा. ताईला दोनदा सारलं. तिसऱ्यांदा ती दुसऱ्याच पोरीचं जाकीट घालून रांगेत घुसली. हे सांगताना ती पोट धरून हसते. मला नाही हसू येत.

संध्याकाळी शेवया खाताना तिने सांगून टाकलं, "मी मशिनी गावाकडे नेतेय. दाजींनी तिकडे शेड बघून ठेवलीय."

दाजी म्हणजे तिचा नवरा. मी वाडगा खाली ठेवला. "मी पण येते."

"तिकडे याच शर्टाला आठ मिळतात."

"चालेल मला."

"तुला चालेल गं. तुझ्या भावाच्या कॉलेजच्या फीला चालेल का? तिथल्या बायकांचं घर जवळ आहे, दुपारी पोरांना शाळेतून आणता येतं, म्हणून त्या आठवर काम करतात. तुझं कोण आहे तिथे?"

"तू आहेस की!"

ती उठली, बटण दाबून पंखा उगाच जोरात केला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मीपण हट्टाने बॅग भरली.

सकाळी तिने मला गल्लीत नेलं. हातात ना शर्ट ना पुठ्ठा. ती थेट कारागिरांच्या बाजूने चालायला लागली. एकेका मालकाचा शर्ट उलटा करत, "हे कापड सुईला चिकटतं," "हा मागच्या वर्षी पैसे उशिरा द्यायचा," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत पुढे. शेवटी पेंगशेठपाशी थांबली. त्याच्या पुठ्ठ्यावर चौदा होते.

"सतरा," ताई म्हणाली.

पेंगशेठ बघतच राहिला. "फानबाई, काल माझ्याशेजारी उभ्या राहून तुम्हीच म्हणत होतात, कारागीर डोक्यावर बसलेत म्हणून!"

"काल मी मालकीण होते. आज या पोरीच्या बाजूची माणूस आहे. हिची कॉलर कधी परत आलेली नाही."

"पंधरा."

"सोळा. जेवणात मांस. आणि पंखा तिच्या डोक्यावर हवा, तुझ्या नाही."

"सोळा घ्या, पण पंखा माझा!"

मला रडायला येत होतं आणि रागही आला होता. "तू मला कधी सोळा दिलेस गं?"

"नव्हते माझ्याकडे," ती म्हणाली. एवढंच.

पेंगशेठने विचारलं, "काय पोरी, बसतेस ना?"

मी ताईकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिच्या मशिनींच्या ट्रकमध्येच जाऊन बसले असते. "पंख्याशिवाय नाही बसणार," मी म्हटलं. ताई एवढ्या जोरात हसली की शेजारचा मालकपण वळला. पंखा मिळाला.

ट्रक दुपारी गेला. मी बघायला गेले नाही, कॉलर शिवत बसले. त्यातल्या तीन उसवाव्या लागल्या.

परवा तिचा फोन आला. मागे मशिनींचा आवाज, बायकांची बडबड, कुणाचं तरी पोर रडत होतं.

"साडेआठ केले," ती म्हणाली.

"का? कुणी मागितले?"

"नाही. पण इथल्या बायका भाव वाचतात आणि गप मान खाली घालतात. मला बघवेना."

"ताई, तू तिकडेपण बुडणार."

"बुडेन तेव्हा बघू. तुझा पंखा चालतो ना?"

पंखा तीन दिवसांपासून बंद होता. "चालतो," मी म्हटलं, आणि फोन ठेवून पेंगशेठशी भांडायला गेले.