सतरंजीवरचा जामीन

सप्टेंबरात आमच्या गल्लीत एक बातमी फिरली, की प्रेमिलाताई सोनकुसरेंना महानगरपालिकेचं तिकीट मिळालं. बातमी पक्की होती, कारण ती मीच पसरवली होती. पुरावाही होता. पेपरात फोटो आला होता. मधोमध आमदार, अंगावर शाल, हातात नारळ, आणि बाजूला आमच्या प्रेमिलाताई, चेहरा असा की दाढ दुखत असावी. खाली छापलं होतं, 'महिला पतसंस्थेतर्फे आमदारांचा सत्कार'.

संध्याकाळी मी त्यांच्या फाटकाशी जाऊन विचारलं, "काय नगरसेविकाबाई, चहा मिळन काय?"

त्या हसल्या नाहीत. "तुम्हाले मजाक सुचून राहिली, बाबारावजी. आम्ही रडाले गेलो होतो, आन् पेपरवाल्यानं वरात काढली."

मग खरं काय ते कळलं, आणि माझाच चहा थंड झाला.

इतवारीच्या मागच्या अंगाला त्यांची छोटी पतसंस्था आहे. सासूबाईंनी, प्रयागबाईंनी, अकरा बायकांच्या भिशीतून ती उभी केली. सासूनंतर सूनबाई अध्यक्ष. आज दोनशे चौदा सभासद. कोणी तर्री-पोह्याचा ठेला लावते, कोणी साड्यांना फॉल लावते, कोणी भांड्यांच्या दुकानात पॉलिश करते. अशा लहान संस्था मोठ्या संस्थांत विलीन करायच्या, असा सरकारी प्रस्ताव निघाला होता आणि डिसेंबरच्या अधिवेशनात त्याचा निकाल लागायचा होता. मोठ्या संस्थेत कर्जाला कागद लागतो. दुकानाचा, घराचा, पगाराचा. या बायकांजवळ कागद नाही, एक रीत आहे. दर गुरुवारी ताईंच्या समोरच्या खोलीत सभा भरते. कोणी कर्ज मागितलं की ताई विचारतात, "हिच्यासाठी कोण?" जिला जामीन राहायचं ती सतरंजीवरून उठते आणि मंजुरी होईपर्यंत खाली बसत नाही. प्रयागबाई सत्तराव्या वर्षी, भिंतीला हात लावून, अर्धा अर्धा तास अशा उभ्या असायच्या. मी समोरच्या माझ्या फाटकातून पाहिलं आहे.

संस्था गेली की ही रीत गेली. म्हणून बायका निवेदन घेऊन आमदारांकडे गेल्या. आता मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? शाल नेली, नारळ नेला. साहेबांनी शाल घेतली, फोटो काढला, आणि निवेदन पीए रविंद्रच्या गठ्ठ्यात गेलं.

"चूक आमचीच," ताई म्हणाल्या. "शाल दिली का माणूस कॅमेऱ्याकडे पाहते."

पुढच्या सोमवारपासून त्यांनी वेगळंच सुरू केलं. साहेब सोमवारी घरी लोकांना भेटतात. दर सोमवारी ताईंबरोबर संस्थेच्या दोघी जायच्या, दर वेळी नव्या दोघी. छापील कागद नाही, हार नाही, फोटो नाही. आपल्या घरचं तेवढं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. शेवटी एकच प्रश्न, "साहेब, अधिवेशनात बोलाल काय?" साहेब जे म्हणतील ते ताई वहीत लिहायच्या, त्यांच्यासमोरच. पाच सोमवार वहीत 'बघू' होतं. सहाव्याला 'बघू ना ताई'. मी म्हटलं, "प्रगती आहे हो!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घरात गेलो.

लोक म्हणाले, मोर्चा काढा, अधिवेशन आपल्याच गावात आहे. ताई म्हणाल्या, "मोर्चा अडवतेत, मंग पाच जणाले आत नेऊन चहा पाजतेत. आपण तं दर सोमवारी आतच असतो."

नवव्या सोमवारी जयाची पाळी आली. पोह्याचा ठेला तिचा, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. साहेबांसमोर तिचं तोंडच उघडेना. रविंद्र घड्याळ पाहू लागला. ताई तिच्यासाठी एक शब्द बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं जया म्हणाली, "साहेब, मोठ्या संस्थेत गेली होती मी. त्यायनं विचारलं, दुकान कुठं हाय? म्हटलं, चाकावर हाय. तं हसले ते. ताईच्या घरी मले कोणी हसत नाही."

साहेबांनी विचारलं, सभा कधी असते? त्या दिवशी वहीत लिहिलं गेलं, 'गुरुवारी येतो'.

आणि आले. मी फाटकातच होतो, कुठे जाणार? साहेब सतरंजीवर बसले, पाय नीट घालता येईनात. दोन कर्जं मंजूर झाली, दोन बायका उठल्या, बसल्या. मग ताईंनी वही मिटली आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आता संस्थेसाठी कोण?"

एकही बाई उठली नाही. साहेबांनी रविंद्रच्या खांद्यावर हात ठेवला, गुडघा दाबला आणि जड अंगानं उठले. ताईंनी त्यांना लवकर बसा म्हटलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ टिंगल केली, पण त्या पाच मिनिटांत मीही फाटक धरून उभा राहिलो.

अधिवेशनात साहेब बोलले. जयाच्या ठेल्याचं चाक सभागृहात पोचलं. मंत्र्यांचं उत्तर आलं की महिलांच्या लहान संस्थांचा वेगळा विचार करू, तोवर निर्णय पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबेल.

त्याच संध्याकाळी रविंद्रचा फोन आला. मी ताईंच्या दारातच होतो, पेढे घेऊन. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू आलं, "ताई, रविवारी साहेबांचा सत्कार ठेवा. फोटोग्राफर आम्ही आणतो."

मी म्हटलं, "शाल माझ्याकडून!"

ताईंनी मला हातानं गप्प केलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "सत्कार कायचा गा, रविंद्र? आमचं मरण पुढं ढकललं हाय, टळलं नाही. सोमवारी दोघी येऊन राहिल्या. साहेबाले म्हणा, घरीच राहा."