राहिलेली दुसरी फेरी

फोन आला तेव्हा मी खामगावला एका व्यापाऱ्याच्या गोदामात उभा होतो. ठिबकच्या नळ्यांचा सौदा चालू होता आणि समोरचा मी सांगितलेल्या दरावर येण्याच्या बेतात होता. फोनवर जानेफळहून मिलिंदचे शेजारी बोलत होते. "मिलिंद वारला हो. सकाळीच, दुकानात बसल्या बसल्या." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि व्यापाऱ्याकडे वळलो, "हां, शेवटचं काय ते बोला." पुढची दहा मिनिटं मी घासाघीस केली. भाव पाडूनही घेतला. बाहेर येऊन मोटरसायकलच्या टाकीवर हात ठेवला. टाकी उन्हानं तापलेली होती. तिचा चटका बसला तेव्हा कुठे मला कळलं की आपल्याला काय सांगितलं गेलंय... पाच आठवडे झाले. ती दहा मिनिटं माझी मलाच अजून उमगत नाहीत.

मिलिंद आणि मी मेहकरला आयटीआयला एका बाकावर होतो. मी वर्षभरात कंटाळून सोडलं, सायकलला पोती बांधून गावोगाव पाइपांचे जोड विकले आणि आज मेहकरला माझं पाइपांचं दुकान आहे. मला कोणी काही दिलेलं नाही, जे घेतलं ते भांडून घेतलं. मिलिंद मात्र शेवटपर्यंत शिकत राहिला. आधी टीव्ही, मग मोबाइल, मग त्याला मोठ्या मोटरसायकलींचा नाद लागला. लांबच्या प्रवासाच्या या गाड्यांत हँडलची मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसते. तुम्ही मूठ पिळता, ती कॉम्प्युटरला कळते, आणि किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी कधी, हे तो कॉम्प्युटर ठरवतो. कंपनीनं त्यात भरलेला हिशेब काढून मिलिंद आपला हिशेब भरायचा. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन, आपल्या पंपावरचं पेट्रोल, आपले रस्ते. जानेफळला घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो हे काम करायचा आणि अकोल्याहून, संभाजीनगरहून लोक गाड्या घेऊन यायचे.

त्याची एक रीत होती. आलेल्या माणसासमोर तो लॅपटॉप उघडायचाच नाही. आधी हेल्मेट घालून त्या माणसाच्या मागे बसायचा आणि म्हणायचा, "चाला लोणारले, चहा पिऊन येऊ." जाता-येता एक शब्द बोलायचा नाही. परतल्यावर एका शाळेच्या वहीत त्या माणसाच्या नावाचं पान करायचा, चार ओळी लिहायचा आणि मगच सीटखालच्या सॉकेटला केबल लावायचा. महिन्याभरानं पुन्हा तशीच दुसरी फेरी. त्यानंतर जे भरायचा ते पक्कं. "गाडी काय, सगळ्याइची सारखीच असते," तो म्हणायचा. "माणूस मोजा लागते."

मी मोठी गाडी घेतली तेव्हा अर्थातच त्याच्याकडे गेलो. लोणारला चहा झाला. परत येऊन त्यानं काम केलं, त्यानं सांगितलेला आकडा मी बराच खाली आणला आणि तो हसत म्हणाला, "तू सख्ख्या भावालेही नाही सोडत बे." मी निघालो तर मागून ओरडला, "शेठ, महिन्यानं येजो! दुसरी फेरी राह्यली."

आता माझं डोकं कसं चालतं ते सांगतो. आम्हा व्यापाऱ्यांत भाव पाडला की समोरचा माल कमी देतो. नळीची जाडी कमी करतो, गुंडाळीत दोन मीटर मारतो. मी स्वतः हे केलेलं नाही असं म्हणणार नाही. त्यामुळे 'महिन्यानं येजो' हे ऐकताच मला वाटलं, गड्यानं अर्धा माल ठेवून घेतला. दुसऱ्या वेळी पुन्हा पैसे मागणार.

पुढच्याच आठवड्यात राजूरच्या घाटात चिखलीचा एक ओळखीचा माझ्यासोबत होता. त्याची गाडी अगदी माझ्यासारखी, तिच्यावरचं कामही मिलिंदचंच. पुढे ट्रक आला. मी मूठ पूर्ण पिळली, तर माझी गाडी क्षणभर नुसती थबकली, जणू विचारत होती, खरंच का? तेवढ्यात तो चिखलीवाला बाजूनं निघून गेला. वळणापलीकडे थांबून माझी वाट पाहत होता आणि हसत होता. मी तिथूनच तोंड फिरवलं ते थेट जानेफळ.

शेडमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "भाव पाडला म्हणून माप मारतं काय बे?"

मिलिंद फडक्याला हात पुसत बाहेर आला. "दुसरी फेरी झाली काय आपली?"

"अन् दुसऱ्या फेरीचे दुसरे पैसे, हाव ना? धंदा मले नको शिकवू."

त्याचा चेहरा उतरला. पण आवाज चढला नाही. माझ्या गाडीजवळ आला, मागच्या सीटची फुटरेस्ट पायानं खाली केली आणि म्हणाला, "बस शेठ. आत्ताच जाऊ."

मी ती बुटानं वर मारली आणि निघून आलो.

आठ महिने. मेहकरच्या बाजारात दोनदा समोर आला, मी रस्ता बदलला. तोही हट्टी. एक फोन केला असता तर मी चार शिव्या घालून गेलोच असतो. केला नाही. हा राग माझ्या मनात अजून आहे, आणि आता तो घेऊन कोणाकडे जायचं ते मला कळत नाही.

जलदान विधी झाल्यावर आठवड्यानं मी त्याच्या घरी गेलो. सुनीता वहिनींनी शेड उघडून दिली. "गिऱ्हाइकाची गाडी चालूच होती भाऊजी," त्या म्हणाल्या. "तासभर. मले वाटलं, काम करून राह्यले. आवाज इतका सरळ होता का उठून पाहावं असं मनातच आलं नाही. चहा द्याले गेली, तं..." त्या थांबल्या. ज्या इंजिनाचा आवाज त्यानं इतका शांत केला होता, त्याच आवाजानं तो गेल्याचं तासभर कोणाला कळू दिलं नाही. हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं, आजही शिरत नाही.

मग त्यांनी वही पुढे केली. "तुमचं पान पाहून घ्या. ते म्हणत, एकच पान अर्धं राह्यलं."

वर फक्त 'शेठ' लिहिलं होतं. खाली त्याचं बारीक अक्षर. 'मूठ झटक्यानं पिळतो. पुढे ट्रक दिसला की चेव येतो. म्हणून पहिला झटका मऊ ठेवला. त्यापुढं सगळी ताकद दिली आहे. घाई केली नाही तर मिळेल. दुसऱ्या फेरीत पाहून झटका खोलायचा.' त्याखाली 'दुसरी फेरी', पुढे रेघ, आणि रेघेपुढे काही नाही.

माप पूर्ण होतं. आठ महिने ते माझ्याच बुडाखाली होतं आणि मी चोरी झाली म्हणून गावभर सांगत होतो. तू हे तिथंच तोंडानं का नाही सांगितलंस, असं त्याला ओरडून विचारावंसं वाटलं. पण त्याचं उत्तरही मला माहीत होतं. हातातली सवय सांगून जात नाही, मागं बसून दाखवावी लागते, असं तो प्रत्येकाला सांगायचा. आणि तो मागं बसायला तयार होता.

परवा एकटाच लोणारला गेलो. मेहकर सोडल्यावर मोकळ्या रस्त्यावर मूठ झटकली नाही, हळूहळू पिळत नेली... आणि गाडी अशी गेली, अशी गेली, की मी घाबरून हात सैल सोडला. ही गाडी माझ्याकडे होती हे मला ठाऊकच नव्हतं.

आता दुसरे कोणी तो मऊ झटका काढून देतील. शहरात पुष्कळ जण आहेत. मी विचारलेलं नाही.

लोणारला मिलिंदच्या नेहमीच्या टपरीवर थांबलो. चहावाला गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, मांगची फुटरेस्ट उघडीच राह्यली. कोणाच्या पायाले लागन."

"राहू द्या," मी म्हणालो आणि दोन चहा सांगितले.