थोरल्या साडूंची सरासरी

अमेरिकेतल्या फुटबॉलवर अधिकारवाणीने बोलणारा आणि तरीही त्या खेळाचा एकही सामना न पाहिलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निघेल, आणि तो माझ्या नशिबाने माझा थोरला साडू आहे. त्या खेळातला चेंडू लंबगोल का असतो आणि नाव फुटबॉल असताना सगळे तो काखेत मारून का पळतात, असं मी त्यांना एकदा विचारलं. "ते मला काय ठावं?" ते शांतपणे म्हणाले. "खेळ बघायला वेळ कुणाला हाये? मी फक्त निवड बघतो." ही निवड म्हणजे तिकडचा ड्राफ्ट. एप्रिल संपता संपता तिकडचे सगळे व्यावसायिक संघ एकत्र येतात आणि कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं पाळीपाळीने, फेरीमागून फेरी करत उचलतात; गेल्या मोसमात ज्याने सर्वांत जास्त मार खाल्ला त्याची पाळी पहिली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. साडू आंघोळ उरकून, कपाळाला गंध लावून त्यासाठी बसायचे, आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांच्या हातात चहा देत म्हणायची, "बसले आमचे, लोकांची पोरं निवडायला."

हे खूळ त्यांना वाळूजच्या कारखान्यात लागलं. साडू मूळचे पिशोरचे. भावांनी शेती सांभाळली आणि हे शिकून कारखान्यात भरती खात्याला लागले. नवीन यंत्र बसवायला एक अमेरिकन इंजिनियर काही महिने येऊन राहिला होता. त्याच्या गावचा संघ दरवर्षी हरायचा, आणि वर्षात आनंदाचा दिवस एकच, निवडीचा, असं तो डब्यातलं पिठलं खाता खाता सांगायचा. यंत्र सुरू झालं, इंजिनियर परत गेला, पण त्याचा हरणारा संघ साडूंकडे राहिला. माणसं पारखण्यात ज्याची हयात गेली त्याला पोरं निवडण्याचा एवढा थाट आवडला यात नवल नाही. पुढे निवृत्ती आली, हातात मोबाइल आला, आणि मग त्यांना आवरणारं कुणी उरलं नाही.

साडूंचा खरा जीव मात्र पोरांपेक्षा जाणकारांत होता. निवडीच्या आधी तिकडचे झाडून सगळे जाणकार पोरांची क्रमवारी लावतात. शौकीन मंडळी त्या सगळ्या क्रमवाऱ्यांची सरासरी काढतात आणि ती मांडीवर ठेवून निवड बघतात. सरासरीत चाळिसावा असलेला पोरगा एखाद्या संघाने दहाव्या पाळीला उचलला की तो संघ वेडा. दहावा असलेला चाळिसाव्या पाळीला मिळाला की संघ हुशार. त्याच दिवशी प्रत्येक संघाला गुण देऊन शौकीन झोपायला जातात. पोरगा अजून मैदानात उतरला नाही आणि तुम्ही संघाला नापास करून मोकळे कसे होता, असा वाद मी घातला. "पाव्हणं, एक जाणकार चुकतो," ते म्हणाले. "एकाचं डोकं डावीकडं कलतं, दुसऱ्याचं उजवीकडं. सरासरी सरळ चालती." मग संघवाले प्रत्यक्ष पोराला भेटतात, घरी जाऊन चौकशी करतात, त्यांना काहीतरी जास्त कळत असेल की, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी भरती खात्यातल्या इतक्या चुका सांगितल्या की माझा चहा गार झाला.

ही सरासरी पुढे त्यांच्या घरात शिरली. फ्रिज घ्यायचा तर पाच ओळखीच्यांना विचारून प्रत्येकाची पसंती क्रमाने लावून घ्यायची. या व्यापात एक उन्हाळा माठावर निघाला. लग्नाच्या पंगतीत ते पहिला घास घेण्याआधी उठलेल्या पंगतीतल्या चौघांना कुठला पदार्थ चांगला झालाय ते विचारून येत. माणसांनाही सोडत नसत. माझ्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर एकदा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण आपल्या सासऱ्यांनी तुम्हाला दोन फेऱ्या आधीच उचललं. थांबले असते तरी तुम्ही शिल्लक होता." मला वाईट वाटलं नाही, कारण तोवर बायकोचंही मत साधारण तेच झालं होतं.

आम्ही दोघं पडेगावच्या पुढे एकाच कॉलनीत राहत होतो. शहर दौलताबादच्या दिशेने पसरत चाललं होतं, पण शहराचं पाणी काही पसरत नव्हतं. तिथले प्लॉट चांगले, हा निर्णयसुद्धा साडूंच्या सरासरीचाच, आणि तिच्या भरवशावर कॉलनीतल्या निम्म्या घरांना त्यांनीच आणून बसवलेलं. मग सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. जुने बोअर आटले. टँकर कधी येई, कधी येत नसे, आणि म्हातारी माणसं घर विकून गावात जायच्या गोष्टी करू लागली. सगळ्यांच्या पैशांत मिळून एकच नवा बोअर होऊ शकत होता. जागा कुठली, हे ठरवण्याचं काम साडूंनी अंगावर घेतलं. आपण आणलेली माणसं आपल्यामुळे तहानलेली राहिली, हे त्यांना फार लागलं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या गप्पांतून त्या वर्षी फुटबॉल जवळजवळ नाहीसा झाला होता.

पाण्याचे जाणकार तीन ठरले. तिघांनी वेगवेगळ्या दिवशी यायचं आणि एकाची खबर दुसऱ्याला लागू द्यायची नाही, अशी पक्की योजना. पहिला पाणाड्या फुलंब्रीकडचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो मोकळ्या पटांगणात फिरला आणि एका कोपऱ्यात नारळ उभा राहिला. त्याने तिथे दगड ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडून तो गेला. साडू लगेच दगड उचलायला निघाले, पण बायका आडव्या आल्या. "पूजलेला दगड हलवायचा नसतो," अक्का म्हणाली. "ज्याला पाणी दिसायचंय त्याला दगड काय नडतोय?" साडूंनी माघार घेतली. दुसऱ्या दिवशी दगडावर जास्वंदीचं फूल आलं, तिसऱ्या दिवशी उदबत्ती, मग कुणीतरी पुढे रांगोळी घातली. कन्नडहून आलेल्या दुसऱ्याने हातात उंबराची बेचकी धरून सगळं पटांगण पालथं घातलं, आणि बेचकी वाकली ती दगडापासून दोन पावलांवर. तिसरे निवृत्त भूगर्भतज्ज्ञ. त्यांनी खुंट्या रोवल्या, तारा ओढल्या, यंत्राचे आकडे पाहिले आणि रांगोळी पुसली जाणार नाही अशा बेताने तिथेच बोट दाखवलं. साडूंचा चेहरा उजळला होता. असं एकमत त्यांनी कुठल्याही वर्षीच्या निवडीत पाहिलं नव्हतं.

बोअरची गाडी आली तेव्हा सगळी कॉलनी पटांगणात उभी होती. गाडीवरचे तामिळ कामगार, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि खडकाचं राखाडी पीठ. पाणी लागलं की पिठाचा चिखल होतो, म्हणून सगळ्यांची नजर त्या पिठावर. दुपारभर पीठच येत राहिलं. "साब, सूखा है, और नीचे जाना क्या?" गाडीवाल्याने विचारलं. साडू जा म्हणाले. आणखी खाली गेले, आणखी पीठ आलं. संध्याकाळी गाडी निघून गेली तेव्हा आम्ही सगळे भुवयांपर्यंत राखाडी झालो होतो. शेजारच्या गुरुजींनी, कुत्सितपणे नव्हे, ताण हलका करायला म्हणून विचारलं, "काका, याला किती गुण?"

"नापास," साडू म्हणाले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. ती पहाट नेमकी निवडीची होती; त्यांनी ती बघितली होती, पण कुणालाच गुण दिले नव्हते. बसता बसता म्हणाले, "तिघं नव्हतेच ते, पाव्हणं. एकच होता, तीनदा आला." मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "मी तिकडच्या जाणकारांचा विचार करतोय. तेबी एकमेकाचं वाचतच असतील. तिथंबी कुणीतरी पहिला दगड ठेवत असंल, मग बाकीचे फुलं वाहतेत. अन् आपण इथं बसून त्याची सरासरी काढायची."

त्या उन्हाळ्यात टँकर आला की साडू पाइप धरून उभे असायचे. प्रत्येक घराची टाकी भरल्यावर पाइप शेवटी त्यांच्या दारात जायचा, आणि पुष्कळदा तोवर टँकर रिकामा झालेला असायचा. अक्का एका बादलीत भांडी कशी उरकायची ते मी पाहिलं आहे. तिने त्यांना एका शब्दाने टोकलं नाही. पावसाच्या तोंडावर त्यांनी सगळ्या गच्च्यांचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून त्या कोरड्या बोअरमध्ये सोडलं. मेलेल्याला पाणी पाजतायत, असं लोक म्हणाले. ते साडूंनी ऐकलं आणि खड्ड्यात आणखी खडी टाकली. त्याच हिवाळ्यात त्यांनी फुटबॉलचा आख्खा सामना पहिल्यांदा पाहिला. कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "लई लागतं हो पोरांना. हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

पुढे अक्काचे गुडघे गेले आणि मुलीने दोघांना पुण्याला नेलं. त्यानंतर एक बरा पावसाळा झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींनी सहज म्हणून त्या बोअरमध्ये मोटर सोडली. पाणी आलं. थोडं थोडं, थांबून थांबून, पण आलं. मी तिथूनच, ओल्या पायांनी, साडूंना फोन लावला आणि म्हटलं की आता दहापैकी दहा द्यायला हवेत.

ते म्हणाले, "नाय पाव्हणं. गुण बदलू नका. पाणी लागलं, लई चांगलं झालं. पण ज्या उन्हाळ्यात लोकांना पायजे होतं तवा नव्हतं. गुण त्या उन्हाळ्याचे." मग त्यांनीच हळूच विचारलं, "गोड हाये का?" गोड आहे, असं मी सांगितलं. "मग येताना एक बाटली आणा. हिला चव दाखवू."

मी घेऊन गेलो. मुलीच्या घरी, दहाव्या मजल्यावर, नळाला चोवीस तास पाणी होतं. अक्काने दोन फुलपात्रं आणली. तिने घोट घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. साडू उभ्यानेच, सावकाश, तळापर्यंत पाणी प्यायले. चांगलं की वाईट यावर ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी फुलपात्र पुन्हा माझ्यापुढे धरलं.