क्रेनचा गुरुवार

आमच्या कारखान्याची नवी क्रेन गुरुवारी चालत नसे. आज हे वाक्य कुणाला सांगितलं तर लोक हसतात. पण त्या हंगामात मी ते संचालक मंडळासमोर उभा राहून गंभीर चेहऱ्यानं म्हटलं होतं, आणि मंडळानंही ते तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतलं होतं.

ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. कोल्हापुरापासून सायकलनं जाता येईल अशा एका सहकारी साखर कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागलो होतो. नोकरी अजून कच्ची होती. हंगाम नीट पार पडला तर पक्की होणार होती. शिरोळकडच्या आमच्या गावच्या हायस्कुलात वडील शिपाई होते. त्यांनी घंटा दिली की मी वर्गात जायचो आणि त्यांनी घंटा दिली की बाहेर यायचो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हेडमास्तरांनी स्वतःचं लॉगटेबल दिलं, कारखान्याच्या चेअरमननी मी शिकत असताना वसतिगृहात जागा दिली आणि शिक्षण संपल्यावर ही नोकरीही दिली. त्यामुळे कुणी काही बोललं की आधी आभार मानायचे आणि मग तो काय बोलला याचा विचार करायचा, अशी सवय मला लागली होती.

क्रेनचं काम सोपं होतं. गाड्यांमधून आलेला ऊस लोखंडी पंज्यानं उचलायचा आणि गव्हाणीत, म्हणजे जिथून ऊस गाळायला आत जातो त्या लांबलचक पट्ट्यावर, टाकायचा. जुनी क्रेन खडखड करत हे वर्षानुवर्षं करत होती. पण शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यानं नवी घेतली, तेव्हा आपली जुनी झाली हे आमच्या मंडळाच्या ध्यानात आलं. मग पुण्याच्या एका कंपनीची नवी क्रेन आली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे तिचा दांडा. जुना दांडा ओढायला दंडात ताकद लागायची. नवा दोन बोटांनी हलायचा. त्याच्या बुडाशी एका डबीत सेन्सर होता. दांड्याबरोबर फिरणारी भोकाभोकांची एक चकती, तिच्या एका बाजूला बारीक दिवा आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा डोळा. भोकांतून येणाऱ्या उजेडावरून दांडा किती हलला ते यंत्राला कळायचं. उजेड आला नाही की यंत्र जागच्या जागी थांबायचं, कारण आंधळेपणानं टनभर ऊस हलवू नये एवढी अक्कल त्याला दिलेली होती.

हे सगळं मी उद्घाटनाच्या दिवशी चेअरमनना समजावून सांगितलं. ते धोतराचा सोगा खोचून, शिडी चढून स्वतः वर केबिनमध्ये आले होते. "डोळा हाय म्हणतोस? मग त्याला आधी देव दिसू दे," असं म्हणून त्यांनी दांड्याला कुंकू लावलं. क्रेन चालवणारे मामा वयानं मोठे, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. जुन्या क्रेनमधली नृसिंहवाडीच्या दत्ताची तसबीर त्यांनी नव्या केबिनमध्ये दांड्याच्या बरोबर वर टांगली होती. चेअरमननी तिला हार घातला, अगरबत्ती पेटवली आणि ती खोचायला जागा शोधली. दांड्याच्या बुडाला रबरी मोजा होता. मोजा आणि पत्रा यांच्यामध्ये काडी छान उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पहिले काही दिवस क्रेन झकास चालली. मग ती अडायला लागली. दांडा पुढं केला तरी पंजा हलायचा नाही; मग एकदम हिसका देऊन खाली यायचा आणि परत थांबायचा. मी धावत वर जायचो, डबी काढून खाली वर्कशॉपमध्ये आणायचो, उघडून आतली धूळ पुसायचो (कारखान्यात धूळ कशावर नसते), तारा तपासायचो. टेबलावर ती शहाण्यासारखी वागायची. वर नेऊन बसवली की दिवसभर ठीक. सकाळी पुन्हा तेच. आणि गुरुवारी तर ठार बंद.

क्रेन बंद म्हणजे गव्हाण रिकामी, आणि आवारात गाड्यांची रांग फाटकाबाहेर. उन्हात ऊस वाळत होता आणि वजन घटत होतं, त्यामुळे गाडीवानांचा माझ्यावरचा लोभ वाढत होता.

"ओ इंजिनिअर, उपास कुनाचा हाय? क्रेनचा का तुमचा?"

"गुरुवार धरलाय तिनं. साबुदाण्याची खिचडी घाला की वाईच!"

"खिचडी नगं, नवरा बघा तिला. तवर आमची बैलं म्हातारी व्हत्यात."

मी त्यांचे आभार मानून पुढं जायचो.

मंडळाच्या बैठकीत कारणमीमांसा झाली. एका संचालकांच्या मते केबिनचं तोंड दक्षिणेला होतं, तेच मूळ. दुसऱ्यांच्या मते शेजारच्या कारखान्याची नजर लागली होती. चेअरमन शेवटी बोलले, "गुरुवारीच अडत्या म्हंजे दत्तालाच कायतरी सांगायचं हाय. आपलं कुठंतरी कमी पडतंय." मग कमी पडू नये अशी व्यवस्था झाली. एका अगरबत्तीच्या जागी जुडी आली. गुरुवारी धूप आणि कापूर सुरू झाला. दांड्याला लिंबू-मिरची बांधली. क्रेन आणखी अडायला लागली. त्यावरून आपण करतोय ते अजूनही कमी आहे असं ठरलं.

शेवटी पुण्याहून कंपनीचे साहेब आले. पाहुणे येणार म्हणून मामांनी आदल्या दिवशी केबिन धुऊन काढली, तसबीर उतरवून घरी नेली, हार-फुलं काढली. साहेबांनी डबी उघडली, फुंकर मारली, खिशातल्या रुमालानं पुसली आणि म्हणाले, "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे." ते होते तोवर क्रेन लोण्यासारखी चालली, मधला गुरुवारही तिनं पाळला नाही. त्यांनी रस्सा ओरपला, नाक पुसलं आणि गेले. मामांनी तसबीर परत टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंजा हवेत लटकलेला होता.

चेअरमननी मला बोलावलं.

"त्या पावण्याला फुंकर मारून जमलं. तुझ्या फुंकरीत काय वारं न्हाय?"

"शोधतोय, साहेब."

"शोध की. पर आता ऐक. येत्या गुरुवारी केबिनमध्येच होम घालायचा. दोन भटजी सांगितल्यात. त्यात तुझ्या बाजूनं कसूर नको. होमानंतरबी क्रेन चालली न्हाय, तर तू दुसरीकडं बघ बाबा. मला सभासदांना तोंड दाखवायचं हाय."

मी "आभारी आहे" म्हणालो आणि बाहेर आलो. गावी वडिलांनी, मुलगा कारखान्यात साहेब झाला म्हणून, शाळेतल्या सगळ्या मास्तरांना पेढे वाटून झालेले होते. खाल्लेले पेढे परत मागता येत नाहीत.

बुधवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच मी वर जाऊन बसलो. आजवर मी बोलावणं आलं की जायचो, आणि बोलावणं क्रेन अडल्यावर यायचं. ती अडायच्या आधी काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं. मामा शिडी चढून आले, चपला बाहेर काढल्या, तसबिरीला हात जोडले, अगरबत्तीची जुडी पेटवली आणि अंगठ्यानं रबरी मोजा जरा दाबून बाजूच्या फटीत खोचली. मग तंबाखू मळत बसले. मी जुडीकडं बघत राहिलो. राख लांबत गेली, वाकली आणि मोज्याच्या फटीतून सरळ आत पडली.

मी डबी उघडली. डोळ्यावर करडा थर होता, मोतीबिंदू झाल्यासारखा. चकतीची भोकं काजळीनं लिंपली होती. आणि सेन्सरमधून मोगऱ्याचा वास आला. कंपनीच्या पुस्तकात बिघाडाची लक्षणं दिलेली होती: जळका वास, खरखर, ठिणग्या. मोगरा त्यात नव्हता.

"मामा, रोज इथंच लावता?"

"मग कुठं लावू? जुन्या क्रेनलाबी हितंच लावत हुतो. काडी उभी ऱ्हायाला दुसरी फट हाय कुठं?"

"राखेनं मशीनचा डोळा झाकतोय. गुरुवारी धूप असतो, म्हणून गुरुवारी पार बंद."

मामांनी मळलेली तंबाखू तशीच हातात धरली. एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तसबिरीकडं.

"म्हंजे देवाला अगरबत्ती लावली म्हणून क्रेन अडली, आसं खाली सांगणार तुमी?"

"सांगावं लागेल."

"सांगा की. पयली कुणी लावली तेबी सांगा. माझं नाव मागनं घ्या."

शिडी उतरताना मी हिशोब करत होतो. न सांगावं, तर उद्या केबिनमध्ये होम. तुपाचा धूर, समिधांची राख, दोन भटजी. डोळा कायमचा जाणार आणि माझी नोकरी त्याच्या मागून. सांगावं, तर ज्यांनी वसतिगृहात जागा दिली त्यांच्या हातच्या पहिल्या अगरबत्तीला मी नावं ठेवणार.

चेअरमन कचेरीच्या व्हरांड्यात एका संचालकाबरोबर होमाचं सामान ठरवत होते.

"साहेब, कारण सापडलं. राख."

"कसली राख?"

"अगरबत्तीची. डबीत पडते."

संचालक तुपाच्या डब्याकडं बघायला लागले. चेअरमन म्हणाले, "कुठल्या अगरबत्तीची?"

"केबिनमधल्या, साहेब."

"म्हंजे आम्ही लावलेल्या."

तोंडातून आभारच बाहेर येतील अशी मला भीती वाटली. पण समोर रांगेत थांबलेले गाडीवान दिसले, आणि जे मनात होतं तेच मी बोललो.

"साहेब, देव वर केबिनमध्ये कोंडलाय. एकट्या मामांना दर्शन. ऊस घेऊन येणारी सगळी माणसं खाली उन्हात, त्यांना हात जोडायला काही नाही. होम खाली, आवारात झाला तर सगळ्यांना मिळेल."

चेअरमननी टोपी काढली आणि गाडीवानांच्या रांगेकडं पाहिलं.

"हे मातर बराबर बोललास," ते म्हणाले. "सहकार हाय. देव एकट्याच्या ताब्यात नको."

संचालकांनी विचारलं, "आणि त्या राखेचं काय?"

"देव खाली आला की राखबी खालीच पडंल की, येड्या!"

त्याच दुपारी मी डोळा कापसानं स्वच्छ केला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पंक्चरच्या सोल्युशननं मोज्याभोवती चिकटवला, काडीच काय, केससुद्धा आत जाणार नाही असा. लिंबू-मिरची सोडवली. मामांनी तसबीर स्वतः छातीशी धरून खाली आणली.

गुरुवारी वजनकाट्याशेजारी होम झाला. गाडीवान बैलांसकट हजर होते. पूर्णाहुती झाली, मामा वर गेले, आणि पंजा एकही हिसका न देता खाली आला. आवारात असा गलका झाला की बैल बुजले. चेअरमननी तिथल्या तिथं भाषण केलं. देवाला काय सांगायचं होतं ते आता सगळ्यांना कळलं, त्याला आपल्या माणसांत यायचं होतं, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मामा वरून माझ्याकडं बघत होते. त्यांनी फक्त भुवई उडवली.

महिन्याभरात तिथं चौथरा झाला, वर पत्र्याचं छप्पर आलं. हंगाम संपताना माझी नोकरी पक्की झाली. बैठकीत माझ्याबद्दल काय बोलणं झालं ते मामांनीच सांगितलं: "पोराच्या पायगुणानं देऊळ झालं म्हणाले." ट्यूबच्या तुकड्याचा विषय निघाला नव्हता.

नोकरी पक्की झाल्याचं कळल्यावर वडील पहिल्या गाडीनं कारखाना बघायला आले. क्रेनकडं त्यांनी मान वर करून कौतुकानं पाहिलं, मग सरळ चौथऱ्याकडं गेले. पिशवीतून अगरबत्तीचा अख्खा पुडा काढला आणि सगळा एकदम पेटवला.

"देवानं केलं बाळा," ते म्हणाले. "हात जोड."

मी हात जोडले. डोळे मिटायच्या आधी धूर कुठल्या बाजूला जातोय तेवढं पाहून घेतलं. वारं क्रेनच्या उलट, ओढ्याच्या बाजूला होतं. मग मी निवांत डोळे मिटले.