माझ्या आवाजातली हाक

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. ‘मागे वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं’ हे वाक्य आलं की बायकोला वाचून दाखवतो आणि म्हणतो, कोणी नव्हतं तर हा वळला कशाला? भूत, देवचार, करणी यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास बसला नाही. आजही ‘बसला’ असं लिहायला हात धजत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं, त्यानंतर माझं हसणं जरा कमी झालंय... एवढंच.

आधी माझ्याविषयी. मी मूळ कुडाळकडचा, हायस्कुलात पी.टी.चा मास्तर. देवाने उंची दिली नाही, केस दिले ते परत घेतले, पण आवाज मात्र दिला. मैदानावर मी ‘सावधान’ म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा ताठ होतात. रविवारी गावोगावच्या टेनिस-बॉल क्रिकेटची कॉमेंट्री करतो. मध्येच माइक बंद पडतो, पण ते फक्त माइकवाल्याला कळतं.

आणि अशा माणसाची सासुरवाडी कुठली, तर जिथे हाक मारायला बंदी आहे असं घर.

तारकर्लीच्या पुढे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असा जो चिंचोळा पट्टा आहे, तिथे हे घर. मासेमारीचं घर, समोर माडांची रांग आणि माडांपलीकडे वाळू. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा विहिरीवरून मी बायकोला, म्हणजे शुभाला, सहज हाक मारली, “शुभाऽ, टॉवेल आण.” घरातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. सासरे विहिरीपर्यंत चालत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “जावयबापू, आमच्या घरात हाक मारूची नाय. जवळ जावचा, हात लावचो, मगे बोलूचा.”

या घरात झोपलेल्याला तळपायाला हात लावून उठवतात. गजराचं घड्याळ नाही. मागून येणारा माणूस लांबूनच ‘हं... हं...’ असं गुणगुणत येतो. कारण काय, तर इतरांना जशी दृष्ट लागते तशी या घराण्याला हाक लागते. सासऱ्यांची एक बहीण तरुणपणी अशीच गेली. नंतर शुभाचा धाकटा भाऊ उमेश. चांगला धडधाकट पोर, दुपारी होडीच्या सावलीत झोपला होता. कोणीतरी ‘उमेश’ म्हणून हाक मारली, तो दचकून उठला आणि तिथेच कोसळला. जागेवाल्याने, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराने, नेला असं सगळे म्हणाले. मी अर्थातच मनात हसलो होतो. मोठ्याने हसायची त्या घरात सोय नाही.

दीड-दोन वर्षांपूर्वी एका मेडिकल कॉलेजची टीम आमच्या भागात आली. तरुण, निरोगी माणसं अचानक हृदय थांबून का मरतात आणि ते आधीच ओळखून थांबवता येईल का, यावर त्यांचं संशोधन चाललेलं. असा मृत्यू झालेल्या घरी जायचं, चौकशी करायची, सगळ्यांचा ईसीजी काढायचा, रक्त घ्यायचं. मालवणी समजायला त्यांना माणूस हवा होता, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पुढे ढकललं. शाळेत जरा शांतता मिळेल हा त्यांचा सुप्त हेतू असावा.

सासुरवाडीला गेलो तेव्हा टीममधल्या लातूरकडच्या पोराने माझ्या मेहुण्याला, बाबलला, विचारलं, “तुमचे भाऊ कशाने गेले?”

“हाक लागान.”

“बरं, अटॅक.”

“अटॅक न्हय ओ. हाक.”

“तेच काका, हार्ट अटॅक.”

“अरे बाबा, हाक. कोणी मारता ती.”

शेवटी मी हसत हसत उलगडा केला. पण टीमच्या प्रमुख डॉक्टर सायली हसल्या नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे आवाजाने? अचानक आवाजाने?”

मग त्यांनी समजावलं. काही घराण्यांत हृदयाच्या विजेत जन्मतः दोष असतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ लागतो. त्यातल्या एका प्रकारात झोपेतून दचकवणारा आवाज, फोन, गजर, हाक एवढंही पुरतं. “सर, तुमच्या सासरच्यांना रोग माहीत नव्हता,” त्या म्हणाल्या, “पण पथ्य त्यांनी अगदी बरोबर शोधलंय.”

मी केवढा खूश. पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला ऐकवत होतो की बघा, तुमचा जागेवाला निघाला ईसीजीत. डॉक्टरांनी बाबलला एकच जास्तीचं विचारलं, “उमेशला हाक कोणी मारली होती?”

“थंय आमी चौगे होतांव. चवगांनी आयकली,” बाबल म्हणाला. “पण आमच्यातल्या कोणी मारूक नाय.”

“कोणीतरी मारलीच असणार,” डॉक्टर म्हणाल्या. सगळ्यांत जोरात मान मी हलवली.

ईसीजीत शुभा सुटली. बाबलमध्ये दोष थोडा दिसला. त्याच्या मुलीत, तन्वीत, स्पष्ट. तन्वी कॉलेजात शिकते. मला म्हणाली, “काका, आता तुम्ही येताना सायलंटवर येत जा.” डॉक्टरांनी तिला रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या, आम्हा सगळ्यांना रबरी पुतळ्यावर छाती दाबायला शिकवलं. मी इतका जोर लावला की त्या म्हणाल्या, “सर, पुतळा आहे, पण तरी...”

बाबलने गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. “आमच्या घरात हाक मारणत नाय, मगे गोळ्यो कित्याक? आणि तन्वीसारखा लग्नाचा चेडू गोळ्यो खाता म्हणान कळला तर तेका करतलो कोण?”

त्याला समजवायला म्हणून एका रविवारी मी आणि शुभा गेलो. दुपारी पडवीत जेवायला बसलो. तन्वी अभ्यास करून माजघरात झोपली होती. माझ्या समोर शुभा, शेजारी बाबल, त्याची बायको, म्हणजे वहिनी, वाढत होती. माझ्या तोंडात भाताचा मोठा घास आणि त्यात माशाचा काटा. ओठ मिटून मी जिभेने तो काटा शोधत होतो. शुभा माझ्या तोंडाकडेच बघत होती. “अवो, सावकाश,” ती म्हणाली.

आणि माडांच्या पलीकडून, वाळूच्या बाजूने हाक आली. “तन्वीऽऽ...”

माझा आवाज. माझ्यासारखा नव्हे, माझा. चेंडू सीमेपार गेला की मी शेवटचं अक्षर जसं लांबवतो, तसंच लांबवलेलं. बाबलने माडांकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. काटा माझ्या दातांत होता.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. धावलो. तन्वी उठून दोन पावलं आली असेल, उंबऱ्याजवळ पडली होती. डोळे वर, श्वास नाही. पुतळ्यावर शिकलो होतो तसं मी दाबायला लागलो. मोजणी मनातल्या मनात केली. मोठ्याने मोजायची मला माझ्याच आवाजाची भीती वाटत होती. बाबल तिचे पाय धरून “हाक लागली... हाक लागली...” एवढंच म्हणत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तिने एक मोठा श्वास घेतला, आणि मी रडलो. हेही आवाज न करता.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर सायलीही पोचल्या. म्हणाल्या, गोळ्या आजपासून आणि गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवायचं, हृदय बिघडलं तर ते झटका देऊन सावरेल. वडिलांची संमती हवी. तन्वी अजून गुंगीत होती.

बाबल सही करेना. “माणसाची हाक असती तर ही तुमची मशीन चालली असती,” तो म्हणाला. “ही तेची हाक. हेका डॉक्टर काय करतलो? मी घराक जातंय, जागेवाल्याक गाऱ्हाणा घालतंय.” मग माझ्याकडे वळला. “भावोजी, खरा सांगा. तुमचा तोंड बंद होता ना?”

मी शुभाकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली.

“उघडा होता,” मी म्हणालो. “काटो अडाकलो, पाणी व्हया होता. सवयीन तन्वीक हाक गेली, माझ्या ध्यानात रवूक नाय. माझीच हाक ती, बाबल.”

मला वाटलं तो माझी गचांडी धरेल. मी तयार होतो. पण तो बाकावर बसला.

“उमेशाक मारलेली हाक माझ्या आवाजात होती,” तो म्हणाला. “मी बोलूक नव्हतंय. म्हणजे माका तसा वाटता. इतकी वर्सां सगळ्यांका सांगत इलंय, मी न्हय, जागेवालो. पण तुमी मारून इसारलात... तर मगे मीच मारलंय.”

त्याने सही केली.

तन्वी बरी आहे. यंत्र बसलंय, गोळ्या रोज घेते, कॉलेजला जाते. बाबल माझ्याशी नीट बोलतो, राग धरत नाही. पण होडीवर जात नाही. होडीच्या सावलीकडे बघतसुद्धा नाही. वहिनी म्हणते, जेवताना मधेच थांबतो आणि स्वतःच्या तोंडाला हात लावून बघतो.

डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आवाजाने तन्वीला काय झालं ते मी सांगू शकते. आवाज कुठून आला, ते नाही.” शुभा म्हणते, “बाबलाक खरा सांगा.” मी म्हणतो, सांगितलं तर तो पोरीच्या गोळ्या बंद करेल. ती म्हणते, “आणि नाय सांगलात तर?”

म्हणून इथे लिहितोय. कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. वाऱ्याने आवाज वाहून आणला म्हणा, कोणी माझी नक्कल केली म्हणा, मी ऐकून घेईन. फक्त ‘हाक तुम्हीच मारली असेल, आठवत नसेल’ एवढं लिहू नका. ते खोटं मी स्वतःच रचलं होतं, एका माणसाला ते पुरतं पटलंय, आणि तो त्या दिवसापासून आपणच भावाला मारलं असं धरून चाललाय.